छतावरचा विजय

पॅरिसजवळ व्हर्सायच्या राजवाड्यात ‘युद्धदालन’ नावाचं एक दालन आहे. तिथल्या भिंतीवर क्वाझेव्हो या शिल्पकारानं केलेलं भलंमोठं उठावशिल्प आहे. चौदावा लुई रोमन सेनापतीच्या वेषात घोड्यावर बसलाय आणि टापांखाली शत्रू तुडवले जाताहेत. खाली जखडलेले कैदी, आणि त्यांच्यामध्ये इतिहासाची देवता क्लिओ राजाचे पराक्रम लिहिते आहे. म्हणजे इतिहासानं काय लिहायचं, तेही राजवाड्यातच ठरलेलं! वर घुमटात देश स्त्रीरूपात दिसतात. जर्मनी गुडघे टेकून बसलेली, तर हॉलंड आपल्या सिंहावर कोसळलेली.

शेजारीच प्रसिद्ध आरसेमहाल. त्याच्या छतावर चित्रकार ल ब्रं आधी हर्क्युलिसच्या कथा रंगवणार होता. राजे तोवर बहुधा अशा पुराणवीरांच्या आडून मिरवत. पण १६७८ मध्ये राजाच्या सल्लागारांनी ठरवलं, लुईच दिसू दे. मग १६७२ साली ऱ्हाइन ओलांडणारा लुई रथात उभा राहिला, हातात ज्युपिटरचं वज्र घेऊन. आणि म्हाताऱ्या पुरुषाच्या रूपातली ऱ्हाइन नदी भेदरून गेली. त्याच वर्षी डच लोकांनी बांध फोडून आपलीच शेतं पाण्याखाली घातली आणि फ्रेंच फौज रोखून धरली. ते या चित्रात कुठून येणार?

रूपकाची हीच भाषा रूबेन्सनंही वापरली. तो चित्रकार होता तसाच मुत्सद्दीही. स्पेन आणि इंग्लंडमध्ये तह घडवायला तो झटला होता. तीस वर्षांचं युद्ध पेटलेलं असताना, १६३८ च्या सुमारास, त्यानं ‘युद्धाचे परिणाम’ हे चित्र काढलं. ते फ्लॉरेन्सच्या पित्ती राजवाड्यात आहे. त्यातही युद्धदेव मार्स आहे, पण त्याच्या पायाखाली पुस्तक आहे. मोडक्या वाद्यासह पडलेली स्त्री आहे, लेकराला कवटाळणारी आई आहे. आणि काळ्या, फाटक्या वस्त्रातली, हात वर करून आक्रोश करणारी एक बाई. ही युरोप, असं रूबेन्सनंच एका पत्रात सांगून ठेवलंय. मला लुईच्या सगळ्या छतापेक्षा ही एक बाई खरी वाटते.

आरसेमहालाचं छत १६८४ मध्ये पुरं झालं. खाली चांदीची मेजं, दीपदानं, कुंड्या मांडलेल्या होत्या. पाचच वर्षांनी, १६८९ मध्ये, नव्या युद्धाचा खर्च भागवायला राजानं ती सगळी चांदी टांकसाळीत धाडली. तिथं नक्षीला कोण विचारतो! वजन केलं, वितळवली आणि नाणी पाडली.