जागा राहण्याचा धातु



महोत्सवाच्या या मंगल प्रसंगीं आम्ही आपणांपुढें एका ग्रीक क्रियापदाचा विचार मांडूं इच्छितों. नव्या कराराची मूळ भाषा ग्रीक होय. प्रभूच्या पुनरुत्थानासाठीं तींत योजिलेला शब्द मोठा गूढ नाहीं; अगदीं घरगुती आहे. ‘एगेइरो’ म्हणजे निजलेल्यास जागें करणें, पडलेल्यास उठविणें. पेत्राची सासू तापानें पडली असतां प्रभूनें हात धरून तिला उठविलें. याईराच्या मृत कन्येसही त्यानें ‘ऊठ’ म्हटलें. मार्काच्या शुभवर्तमानांत दोन्ही ठिकाणीं हेंच क्रियापद आहे.

रिकाम्या कबरेपाशीं देवदूत स्त्रियांस सांगतो, ‘एगेर्थे’, म्हणजे तो उठविला गेला. हें रूप घडून गेलेली घटना सांगतें. परंतु संत पौल करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या 15 व्या अध्यायांत एक सूक्ष्म भेद करितो. ख्रिस्ताचें मरण व त्याचें पुरलें जाणें हीं तो साध्या भूतकाळांत सांगतो. उठण्याविषयीं मात्र ‘एगेगेर्ताइ’ असें लिहितो. हा पूर्णकाळ. क्रिया पूर्वीं घडली, तिचें फळ आजही टिकून आहे, असा त्याचा अर्थ. मरण होऊन गेलें. तो मात्र उठलेलाच आहे.

याच धातूचें दुसरें पूर्णकाळी रूप ‘एग्रेगोरा’, म्हणजे ‘मी जागा आहें’. त्यावरून ‘ग्रेगोरेओ’, जागें राहणें, हें नवें क्रियापद निघालें. गेथशेमनी बागेंत प्रभूनें शिष्यांपाशीं एवढेंच मागितलें, आणि ते झोंपीं गेले. आपल्यांतील ग्रेगरी हें नांव याच शब्दाचें. संस्कृत ‘जागृ’ धातु याच कुळांतला. म्हणजे आपला ‘जागा’ हा शब्दही त्याचा भाऊबंद ठरतो.

महोत्सवांत आपण साधा भूतकाळ पुष्कळ उच्चारतों: देऊळ बांधलें, वडील माणसें कष्टलीं, निघून गेलीं. तें कृतज्ञतेनें म्हणावेंच. परंतु ज्या धर्मग्रामाला केवळ भूतकाळच उरला, तो निजला असें समजावें. आपले मृत त्या उठलेल्याच्या हातीं सुरक्षित आहेत. आपल्याकडे राहिलें तें जागरण: रुग्णाच्या उशाशीं, कर्जानें गांजलेल्या शेजाऱ्याच्या दारीं, वाट चुकलेल्या मुलासाठीं रात्रीं केलेल्या प्रार्थनेंत. पुढील महोत्सवीं आपल्यांविषयीं ‘ते जागे होते’ एवढेंच न म्हणतां, ‘त्यांनीं जागविलेले अजून जागे आहेत’ असें म्हणतां यावें, हीच प्रभुचरणीं आमची प्रार्थना.