घर बांधताना पाण्याची वाट



दिवाळी झाली, भात झोडून झाला, की आपल्या कर्जत-खालापुरात घरांची कामे निघतात. कोणी नवे घर बांधतो. कोणी कूड काढून विटांची भिंत घालतो. कोणी कौले उतरवून पत्रा चढवतो. गवंडी मिळेनासा होतो आणि विटांचा भाव चढतो. आज आपण घराविषयीच बोलू. पण विटा आणि सिमेंट नंतर. आधी पाणी.

आपल्याकडे पावसाळ्यात शंभर इंचांहून जास्त पाऊस पडतो. हे सगळे पाणी घराभोवतून कुठेतरी जाणार. त्याला आपण वाट दिली नाही, तर ते आपली वाट करते.

आम्ही कोणाचे काम बघायला गेलो, की पहिला प्रश्न विचारतो, "दादा, आषाढात इथं पाणी कुठून येतं?" दादा दार दाखवतात, खिडकी दाखवतात. पाण्याची वाट मात्र घरातली आजी दाखवते. "मागल्या बांधावरनं येतं आणि चुलीपाशी शिरतं." तिला ठाऊक असणारच. ते पाणी उपसते कोण?

आता जागेचे बोलू. ते बोलायला जड जाते.

इर्शाळवाडी आपल्या खालापूर तालुक्यातली. इर्शाळगडाखाली ठाकरांची वाडी होती. १९ जुलै २०२३ च्या रात्री वरची दरड वाडीवर आली. २७ जणांचे मृतदेह हाती लागले. ५७ जण सापडलेच नाहीत. २३ जुलैला शोध थांबवावा लागला. वर जायला गाडीरस्ता नव्हता. मोठी यंत्रे चढेनात. माणसांनी कुदळ-फावड्याने माती उपसली.

घरे कच्ची होती म्हणून हे झाले, असे काही जण म्हणतात. ते खरे नाही. डोंगर अंगावर आला तर सिमेंटचे घरही टिकत नाही. वाडीतल्या माणसांचाही त्यात दोष नव्हता. दरडीचा धोका असलेल्या गावांच्या सरकारी यादीत या वाडीचे नाव नव्हते. म्हणून आम्ही म्हणतो, यादी बघा, पण स्वतः डोंगरही बघा.

काय बघायचे? वरच्या जमिनीला नवी भेग पडली आहे का? झाडे, खांब, कुंपण एका बाजूला कलले आहे का? नेहमीचा झरा एकाएकी गढूळ झाला का? कधी नव्हता तिथे उपळा फुटला का? दार-खिडकी विनाकारण अडकू लागली का? यातले काही दिसले, तर तिथे घर बांधू नका. भर पावसात दिसले, तर रात्र तिथे काढू नका. पोराबाळांना घेऊन बाजूच्या सुरक्षित जागी जा आणि तलाठ्याला, ग्रामपंचायतीला कळवा. भांडीकुंडी मागाहून आणता येतील.

उतारावर घर बांधताना मागचा डोंगर उभा कापू नये. यंत्र दोन तासांत सपाटी करून देते, म्हणून मोह होतो. पण उभी कापलेली माती पावसात सुटते. जेवढे कापावे लागेल तेवढेच कापा. काप तिरका ठेवा. भिंत आणि काप यांच्यात मोकळी जागा सोडा. घराच्या वरच्या अंगाला चर खणा आणि ते पाणी ओढ्याकडे न्या. शेजाऱ्याच्या जोत्याकडे नव्हे! चराच्या पाण्यावरून झालेली भांडणे आम्ही पुष्कळ मिटवली आहेत.

उल्हास आणि पाताळगंगेच्या काठी राहणाऱ्यांनी २००५ सालच्या जुलैचा पूर आठवावा. पाणी कुठवर चढले होते, ते म्हाताऱ्या माणसांना विचारा. जोते त्या खुणेच्या वर येत नसेल, तर जागा बदला. इतरांनीही जोते अंगणापासून दीड-दोन फूट तरी उंच घ्यावे.

जुने घर सुधारताना एक चूक सगळीकडे होते. मातीच्या भिंतीला वरून सिमेंटचा गिलावा करतात. दिवाळीत भिंत छान दिसते. पण सिमेंट मातीला धरून राहत नाही. आत ओल कोंडते आणि दोन-तीन पावसाळ्यांत पोपडे सुटतात. मातीच्या भिंतीला मातीचाच गिलावा बरा. वरून चुन्याचा हात द्या. कारवीच्या कुडालाही हेच लागू. कूड म्हणजे गरिबी नव्हे. जोते उंच आणि वळचण लांब असेल, तर कूड पुष्कळ वर्षे उभा राहतो. मात्र जुन्या मातीच्या भिंतींवर स्लॅब कधीही टाकू नका. तो भार त्या भिंतींना पेलणार नाही.

पत्र्याची गोष्ट आमचीच. आमच्या रात्रीच्या वर्गावर आम्ही स्वतः पत्रे चढवले. बोल्ट मारले ते पत्र्याच्या खोलगट पन्हळीत. पाणी तिथूनच वाहते, हे कोणाच्या ध्यानात आले नाही. सबंध पावसाळा पाट्या पुसत शिकलो. बोल्ट नेहमी उंचवट्यावर मारावा आणि त्याला रबरी चकती घालावी. दोन पत्रे एकमेकांवर सहा इंच तरी चढवावे. ३ जून २०२० ला रायगडात निसर्ग वादळ आले, तेव्हा किती घरांचे पत्रे उडाले, ते आपण पाहिले. कौल जड, पत्रा हलका. म्हणून पत्रा वाशांना आणि वासे भिंतीला घट्ट बांधलेले हवेत. पत्र्यावर नुसते दगड ठेवून भागत नाही.

विटा घेताना दोन विटा एकमेकींवर वाजवून बघा. खणखणीत वाजली पाहिजे. कमरेच्या उंचीवरून टाकली तर तुटता नये. बांधण्याआधी विटा पाण्यात भिजवा. गुठळ्या झालेले सिमेंट परत करा. पाणी घातलेला माल अर्ध्या तासात संपवा. बांधकामावर सात-आठ दिवस तरी पाणी मारा. इथे पाणी हवेच! विहिरी आटायच्या आत, म्हणजे माघापर्यंत, हे काम उरकावे.

पैशाविषयी थोडेसे. २०१६ सालच्या प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण घर निदान २५ चौरस मीटरचे, म्हणजे सुमारे २७० चौरस फुटांचे ठरले. पैसे हप्त्याहप्त्याने खात्यावर येतात आणि घर आपले आपण बांधायचे असते. पुष्कळ जण उत्साहात मोठा पाया घालतात. पैसे भिंतींतच संपतात आणि छपराविना पावसाळा येतो. आधी लहान घर पुरे करा. पडवी पुढच्या साली काढता येते.

पुढच्या बुधवारी गवंडीदादा ओळंबा आणि गुण्या घेऊन येणार आहेत. ज्यांचे काम निघाले आहे त्यांनी पाटीवर आपल्या जागेचा नकाशा काढून आणावा. पाणी येते तिथे बाण काढा. आजीला विचारून काढा.