डोंगर तोच, आकडा नवा

आजच्या गप्पा डोंगराच्या उंचीबद्दल आहेत. तुम्ही म्हणाल, त्यात काय बोलायचं? कळसूबाई 1646 मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यांत उंच शिखर, हे आपली पोरंसुद्धा पाठ म्हणतात. पण असे आकडे येतात कुठून? डोंगराला टेप लावून तर कुणी मोजत नाही. मग कुणी मोजलं, कशानं मोजलं आणि कुठपासून मोजलं?

हे प्रश्न ब्रिटनमधल्या लोकांनी विचारले. तिकडे गेल्या काही वर्षांत कितीतरी टेकड्या-डोंगरांच्या नोंदलेल्या उंची बदलल्या. डोंगर होते तिथेच होते, बदलला तो कागदावरचा आकडा. आणि या कामात मोठा वाटा होता डोंगर चढायची आवड असलेल्या साध्या माणसांचा.

आधी जुनी पद्धत पाहू. आपल्या देशाची मोठी मोजणी 1802 साली मद्रासजवळ सुरू झाली. दोन ठिकाणांमधलं अंतर साखळीनं मोजायचं, तिथून लांबच्या शिखराकडे दुर्बीण रोखून कोन मोजायचा आणि उरलेलं काम त्रिकोणाच्या गणितानं करायचं. याच गणितानं राधानाथ सिकदार यांनी एव्हरेस्ट हे जगातलं सगळ्यांत उंच शिखर असल्याचं दाखवून दिलं, तेही शिखराला पाय न लावता. पण प्रत्येक लहान डोंगरासाठी एवढी मेहनत कोण घेणार? ब्रिटनच्या नकाशांवर पुष्कळ टेकड्यांची उंची विमानातून काढलेल्या फोटोंवरून ठरवलेली होती. तिच्यात दोन-तीन मीटरची चूक सहज राहायची.

आता लेसरची मोजणी. तिला लायडार म्हणतात. दरीच्या काठावर उभं राहून आपण हाक मारली, की समोरच्या कड्यावर आपटून ती परत येते. कडा जितका लांब, तितका परत यायला वेळ जास्त. लायडारमध्ये हाकेच्या जागी प्रकाश असतो. विमानातून लेसरचे झोत खाली सोडतात, सेकंदाला काही हजार नव्हे, लाखांच्या घरात. झोत जमिनीवर आपटून परत आला, की लागलेल्या वेळावरून अंतर निघतं. प्रकाश सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावतो, त्यामुळे हा वेळ किती बारीक मोजावा लागत असेल, विचार करा. विमान नेमकं कुठे आहे आणि किती कललं आहे, याचीही नोंद त्याच क्षणी होते.

यातली खरी गंमत झाडीत आहे. एक झोत खाली येताना थोडा पानावर आपटतो, थोडा फांदीवर, आणि उरलेला फटीतून जमिनीपर्यंत पोचतो. तिन्ही ठिकाणांहून तो वेगवेगळ्या वेळी परत येतो. सगळ्यांत शेवटी आलेला बहुतेक जमिनीवरचा. मग संगणकावर झाडं आणि घरं बाजूला काढून उघडी जमीन पाहता येते. डोक्यावरचा पदर सरकवून चेहरा पाहावा, तसं.

इंग्लंडमध्ये ही मोजणी डोंगरांसाठी झालीच नव्हती. तिथल्या पर्यावरण खात्यानं ती पुरासाठी केली होती. नदीचं पाणी चढलं तर कुठवर येईल, कोणती वस्ती बुडेल, हे कळायला जमिनीचा उंचसखलपणा हवा होता. 2015 साली ही सगळी माहिती लोकांसाठी फुकट खुली झाली. खर्च लोकांच्या पैशातून झालेला, तेव्हा माहितीही लोकांच्या हाती आली. डोंगरवेड्यांनी ती उतरवून घेतली आणि घरी बसून एकेक टेकडी तपासायला घेतली. कुठे माथा नकाशात दाखवलेल्या जागेपेक्षा बाजूला निघाला, कुठे दोन जोडमाथ्यांपैकी दुसराच उंच ठरला. ब्रिटन आणि आयर्लंडच्या डोंगरांची एक मोठी यादी स्वयंसेवक सांभाळतात. तिच्यात अशा दुरुस्त्या होत राहतात.

एवढा खटाटोप कशासाठी? तर रेषेसाठी. इंग्लंड आणि वेल्समध्ये दोन हजार फूट, म्हणजे 609.6 मीटर उंची भरली, की पुष्कळ लोक त्याला पर्वत म्हणतात. कमी भरली तर ती नुसती टेकडी. काफ टॉप नावाचा एक डोंगर वर्षानुवर्षं या रेषेच्या किंचित खाली होता. हौशी मोजणीदारांनी माथ्यावर यंत्र लावून तो मोजला होता. पुढे सरकारी नकाशा खात्यानं समुद्रसपाटीचं गणित सुधारलं आणि 2016 साली त्याची उंची 609.606 मीटर ठरली. रेषेच्या वर फक्त सहा मिलिमीटर. तेवढ्यानं टेकडीचा पर्वत झाला. उलटंही घडतं. स्कॉटलंडमध्ये तीन हजार फुटांवरच्या डोंगरांची यादी 1891 पासून आहे. तिच्यातला एक डोंगर 44 सेंटिमीटरनं कमी भरला, म्हणून 2012 साली त्याचं नाव यादीतून गेलं.

पण यंत्र आलं म्हणजे चूक संपली, असं समजू नका. विमानातली लेसर मोजणी साधारण 15 सेंटिमीटर इकडेतिकडे होऊ शकते. माथ्यावर टोकदार खडक असेल, तर झोत नेमक्या टोकावर पडेलच असं नाही. कुणी रचलेला दगडांचा ढीग किंवा भिंतही जमीन म्हणून मोजली जाते. कळसूबाईच्या माथ्यावर देवीचं लहानसं देऊळ आहे. उंची देवळाच्या कळसाची धरायची की जमिनीची? तिकडचा नेम असा, की माणसानं बांधलेलं धरायचं नाही, नैसर्गिक जमीनच धरायची. म्हणून डोंगर अगदी रेषेजवळ आला, की लेसरवर न थांबता माणसं यंत्र घेऊन वर चढतात, तासन्‌तास थांबतात आणि मग आकडा सांगतात.

आणि कुठपासून मोजायचं? समुद्रापासून म्हणावं, तर समुद्र रोज चढतो-उतरतो. ब्रिटननं न्यूलिन बंदरावर 1915 ते 1921 अशी सहा वर्षं पाणी मोजून त्याची सरासरी धरली. आपल्याकडे मुंबईच्या अपोलो बंदरासह नऊ ठिकाणच्या नोंदींवरून समुद्रसपाटी ठरवली गेली. शून्य पक्कं नसेल, तर वरचा आकडा पक्का कसा असणार?

मैत्रिणींनो, रेषेच्या अलीकडे आणि पलीकडे असण्यानं काय होतं, हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक? डोंगराला आपण टेकडी आहोत की पर्वत, याचं काही सुखदुःख नाही. माणसांचं तसं नसतं. अंगणवाडीत लेकराच्या दंडाला तीन रंगांची पट्टी लावतात. घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेला, तर लाल रंग, म्हणजे तीव्र कुपोषण. तिथेही दोन-तीन मिलिमीटरचाच प्रश्न असतो. पट्टी सैल धरली, तर अशक्त लेकरू पिवळ्यात दिसतं आणि त्याचे उपचार लांबतात. वजनकाट्याचंही तेच. लेकरू ठेवण्याआधी काटा शून्यावर आहे का, हे पाहायचं असतं.

म्हणून या डोंगरांकडून आपल्या बचत गटांनी तीन प्रश्न उसने घ्यावेत, असं आम्हाला वाटतं. कुठपासून मोजलं? कशानं मोजलं? मोजताना काय धरलं आणि काय सोडलं? लेकराचं वजन असो, दुधाचं फॅट असो, शेताची मोजणी असो की कुठल्या योजनेची यादी, हे तीन प्रश्न विचारायला शिक्षण लागत नाही. विचारणं म्हणजे भांडण काढणंही नव्हे. अंगणवाडीताई किंवा तलाठीभाऊसाहेब नीट विचारलं तर सांगतात. आणि शंका राहिलीच, तर पुन्हा मोजा म्हणावं, आपल्यासमोर.

पुढच्या बैठकीत एक करून पाहा. एकाच लेकराचा दंड तिघीजणींनी मोजायचा, एकमेकींना न सांगता तिन्ही आकडे लिहायचे आणि मग ते शेजारी ठेवून बघायचे. आकडे वेगळे आले, तर हसून सोडून देऊ नका. का वेगळे आले, ते शोधा.