गिटारची मान आणि सव्वा मिलिमीटरची पाचर

गटाच्या बैठकीत अंतर्गत कर्जाची मागणी कशासाठी येते, ते आपल्या सगळ्यांना पाठ आहे. बियाणं, शेळी, शिलाई मशीन, दवाखाना, पोरांची फी. आमच्याकडे यंदा एका ताईंनी मागणी केली ती मुलीच्या गिटारसाठी. तीही विकत घ्यायला नव्हे, घरी बनवायला. विजेवरची गिटार. एक मावशी तिथंच म्हणाल्या, "गिटारीनं का पोट भरते का वं?"

प्रश्न रास्त होता, पैसा सगळ्यांचा असतो. पण मुलीचे वडील सुतार. घरात जुन्या चौकटीचं वाळलेलं सागवान पडून, रंधा, पटाशी, गुण्या, शिकंजे हाताशी. मुलगी भजनी मंडळात पेटी वाजवते, सुरांचा कान तयार आहे. आम्ही सहा हजार मंजूर केले ते एका अटीवर. लाकडाला पटाशी लावण्याआधी सगळं माप तिनं आम्हाला बसून समजावून सांगायचं. तिनं सांगितलं आणि आमच्यातल्या अर्ध्याजणी त्यात गुंतून गेल्या. तेच आज तुम्हाला सांगणार आहोत. तुमच्या घरातही यूट्यूब पाहून असलं काही करू पाहणारं पोर असेलच.

विजेवरची गिटार म्हणजे भरीव लाकडाचं धड, साधारण ४५ मिलिमीटर जाड. त्यात खाच पाडून मान बसवायची. मानेवर धातूचे पडदे असतात, सतारीला असतात तसे, फक्त हे जागचे हलत नाहीत. तारा मानेच्या शेंड्यापासून निघून धडावरच्या घोडीवर टेकतात. पडदे बसवणं फार बारीक काम असल्यामुळे मान तिनं तयार घेतली. कर्जाचा मोठा भाग तिथंच गेला. शॉकची भीती आम्हीही विचारली. गिटारमध्ये घरातली वीज येत नाही. तारांखाली लोहचुंबक आणि तांब्याच्या तारेची गुंडाळी असते, तेवढ्यावर काम चालतं. वीज लागते ती आवाज मोठा करणाऱ्या खोक्याला. त्याची पिन तीन काट्यांची आणि घरातलं अर्थिंग नीट हवं, एवढं मात्र बघा.

आता मुख्य गोष्ट, मान किती तिरपी बसवायची. तार पडद्यांपासून फार उंच राहिली तर दाबताना बोटं सोलतात आणि सूरही चढतो. फार खाली गेली तर पडद्यांवर आपटून खरखरते. घोडीचे स्क्रू थोडं वरखाली करू देतात, पण थोडंच. बाकी सगळं मानेच्या तिरपेपणावर.

इथं त्या मावशीच पुढं सरसावल्या. म्हणाल्या, हे तर नांगराचं झालं. लाकडी नांगराच्या हळशीपाशी पाचर जराशी सरकवली की तिकडं टोकाला तास खोल जातो नाहीतर उथळ. अगदी तसंच आहे हे. सांध्यापाशी हललं इवलंसं की लांब टोकाला मोठं दिसतं.

तिचं माप असं होतं. शेंड्याच्या पट्टीपासून घोडीपर्यंत तारेची लांबी ६४८ मिलिमीटर. खाच ७६ मिलिमीटर लांब, १६ खोल. मान पडद्यांच्या पाटीसह साडेपंचवीस जाड, म्हणजे खाचेत बसली की साडेनऊ वर राहते. पडद्याची उंची एक, झाले साडेदहा. घोडी तिनं दोन बोल्टांवर उभी राहणारी, उंच जातीची घेतली होती. ती मधल्या उंचीवर ठेवली तर तार धडापासून १८ वर येते. घोडीपाशी तार पडद्यांच्या रेषेपेक्षा साडेतीन मिलिमीटर वर हवी. म्हणजे पडद्यांची रेषा पुढं वाढवत नेली तर घोडीच्या जागी ती साडेचौदावर पोचायला पाहिजे. मान सरळ बसवली तर ती साडेदहावरच राहते. कमी पडले ४.

खाचेची शेंड्याकडची कड घोडीपासून २५७ मिलिमीटरवर आहे. २५७ भागिले ७६, साधारण ३.४. म्हणजे खाचेच्या घोडीकडच्या टोकाला मान एक मिलिमीटर उचलली तर घोडीपाशी रेषा ३.४ मिलिमीटर चढते. आपल्याला ४ हव्यात, म्हणून उचलायची सुमारे १.२. जवळपास सव्वा मिलिमीटर. कोनात सांगायचं तर एक अंशसुद्धा भरत नाही. आमच्यातल्या ब्लाऊज शिवणाऱ्या ताई म्हणाल्या, गळ्याचं कापड कापताना आम्हीही असंच आधी कागदावर कापतो.

तिनंही कागदावरच काढलं, पण पुऱ्या मापात. जुन्या कॅलेंडरचे दोन कागद चिकटवले आणि गिटारची बाजू रेखली. मग चौकटीच्या टाकाऊ तुकड्यात खाच पाडून मान नुसती शिकंज्यात धरली. पडद्यांवर सरळ पोलादी पट्टी ठेवून घोडीपर्यंत नेली, खालून उंची मोजली. दोन्ही कडेच्या तारांच्या जागी दोरा ताणून मान डावी-उजवीकडे कलंडत नाही ना, तेही पाहिलं. हे सगळं एकही भोक पाडायच्या आधी. खऱ्या धडात खाच एकदाच पडते.

तारांचा ताण लहान नसतो. सहा तारा मिळून साधारण ४५ किलो ओढतात, सिमेंटच्या पोत्याला थोडंसंच कमी. तंबोऱ्याचीही हीच कथा. मिरजेत १९व्या शतकाच्या मध्यापासून तंबोरे आणि सतारी बनतात. फरीदसाहेब आणि मोइनुद्दीन हे शिकलगार, शस्त्रांना धार लावणाऱ्यांच्या घरातले. त्यांनी हा धंदा उभा केला. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा आणि लाकडी दांडी यांच्या सांध्यावर सगळा ताण येतो. सांधा कच्चा राहिला तर दांडी पुढं झुकते आणि तारा उंचावतात. मिरजेची नावाजलेली घराणी असोत की आपली पोर, ताण सगळ्यांना सारखाच. अमेरिकेतल्या गिब्सन कंपनीनं १९५२ मध्ये लेस पॉल नावाची गिटार काढली, तिची मान इतकी कमी तिरपी बसली की तारा घोडीच्या दांड्यावरून न्यायच्या ऐवजी खालून न्याव्या लागल्या. पुढच्या वर्षी कंपनीनं मानेचा कोन वाढवला. मुलीनं हे सांगितल्यावर आमच्या मावशींना फार बरं वाटलं!

अजून एक गल्लत होते ती सांगून ठेवतो. मानेच्या आत लोखंडी सळई असते, ती पिळून मानेचा बाक कमी-जास्त करता येतो. पण बाक वेगळा आणि तिरपेपणा वेगळा. तार मधल्या पडद्यांपाशीच उंच वाटली तर सळई बघा. घोडी पुरी खाली करूनही तार वरच राहिली तर मानेचा कोन बघा. सळई जोरात पिळून कोन दुरुस्त होत नाही, सळई मात्र तुटते.

पाचर तिनं सागवानाचीच केली. रंध्यानं एका बाजूला १.२, दुसऱ्या बाजूला शून्यापर्यंत उतरती, खाचेच्या पूर्ण मापाची. नुसता पुठ्ठ्याचा तुकडा टोकाला घालूनही भागतं, बरेचजण तसंच करतात, पण मग मध्ये पोकळी राहते आणि स्क्रू आवळले की मान तिथं दबते. जाड बाजू घोडीकडे. डिंक न लावता चार स्क्रूंनी मान बसवली, म्हणजे पुढं घोडी बदलली तर पाचरही बदलता येईल. तारा चढवून दोन दिवस ठेवणार आहे, ताणानं मान बसली की पट्टी लावून पुन्हा मोजेल. कर्जाचा पहिला हप्ता पुढच्या बैठकीला आहे आणि गिटार तिथंच आणायचं ठरलंय.