लेण्यांपाशी घड्याळ पाहावे



डोंबिवलीकराला कर्जत लोकल म्हणजे संध्याकाळची चेंगराचेंगरी. रविवारी पहाटे मात्र हीच गाडी रिकामी मिळते आणि सव्वा तासात डोंगरापाशी नेऊन सोडते. कर्जतहून टमटमने कोंदिवडे, तेथून पायी कोंडाणे लेणी, लेण्यांवरून रानातला चढ चढून राजमाचीची उधेवाडी आणि वाडीजवळचा उदयसागर तलाव. परत त्याच वाटेने खाली. एका दिवसात होते, पण तंगडतोड आहे.

पहिल्या खेपेस आम्ही ऑगस्टमध्ये गेलो. मुलगी सहावीत होती. तलाव दाखवीन असे मी तिला कबूल केले होते.

लेण्यांपाशीच आमचा घोटाळा झाला. पावसाळ्यात कड्यावरून धबधबा थेट लेण्यांच्या पुढ्यात कोसळतो. त्याच्याआड इसवी सनापूर्वीचे चैत्यगृह आहे. पिंपळपानी कमान, सज्जे, कठडे, सारे लाकडी घरासारखे, पण कातळातले. नाचणाऱ्या जोड्या तर पाहतच राहाव्यात. मी शिक्षकाच्या उत्साहाने सांगत सुटलो. पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासपुस्तकात आपले कल्याण बंदर म्हणून येते, तिथला माल बोरघाटाने वर जाई, वगैरे. डबे उघडले, फोटो झाले. निघालो तेव्हा दीड वाजला होता.

वरच्या ओढ्याला गुडघ्याच्या वर पाणी, दगडांवर शेवाळ. पलीकडून मोळी घेऊन उतरणारे एक गृहस्थ थांबले. म्हणाले, "दादा, पोर बरोबर हाय. आता वर जाल तर उतरताना काळोख व्हईल." मी थोडा वेळ पाण्याकडे पाहत राहिलो. मग मागे फिरलो. खरे सांगायचे तर बरोबरच्या मित्रांपुढे लाज वाटली होती. मुलगी गाडीत गप्प. बदलापूर गेल्यावर एवढेच म्हणाली, "बाबा, तुम्ही कबूल केलं होतंत."

डिसेंबरात पहिली गाडी पकडली. नऊला लेणी, तिथे मोजून अर्धा तास. चढ दाट रानातला, वाट कोरडी. साडेबाराला वाडीत. डोक्यावर श्रीवर्धन आणि मनरंजन हे राजमाचीचे दोन बालेकिल्ले. ते पाहायचे तर मुक्कामच हवा, आम्ही नाद सोडला. तलाव मोठा नाही. दगडी काठ, शेजारी शंकराचे जुने देऊळ, पाणी निवळशंख. मुलीने बूट काढून पाय सोडले मात्र, तोच हंडा घेऊन आलेल्या एका मावशी म्हणाल्या, "बाय, पाय धुवायचे ते तिकडं खालच्या अंगाला. हितलं आमी भरतो." रागावल्या नव्हत्या. पण पोरीने पाय असे काही ओढून घेतले! पलीकडे शहरातली दोन मुले साबण लावून बसली होती. त्यांनाही तिनेच जाऊन सांगितले.

या डोंगराचा पाऊस उल्हास नदीत उतरतो आणि तीच नदी आपल्या कल्याण-डोंबिवलीच्या नळाला येते, हे मी तिला तेव्हा सांगितले. उन्हाळ्यात तिला पाणी असते, कारण ठोकरवाडी धरणाचे पाणी १९२२ पासून भिवपुरीच्या वीजघरातून तिच्यात सोडले जाते. माझे हे पुराण चालू असतानाच ती म्हणाली, "बाबा, दोन वाजले."

चारला लेण्यांपाशी उतरलो. धबधबा नव्हता, म्हणून ऑगस्टात न दिसलेली ब्राह्मी ओळ एका भग्न मूर्तीच्या मस्तकाशेजारी सापडली. काण्हाचा शिष्य बलक याने हे केले, असा तिचा अर्थ. मुलीने ती अक्षरे वहीत उतरवून घेतली आणि आम्ही टमटम गाठायला निघालो.