बोगद्यांतून वाढविलेलें जाळें



पुण्याहून अहिल्यानगरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, सुमारें ३० किलोमीटरांवर, भीमेच्या कांठीं कोरेगांव वसलें आहे. या रस्त्याच्या परिसरांत रांजणगांवपर्यंत ठिकठिकाणीं कारखाने उभे आहेत. अशा एखाद्या कारखान्याची कल्पना करा. कचेरी पुण्यांत, यंत्रें कोरेगांवांत. आणि मालकाची इच्छा अशी कीं, कोरेगांवचे संगणक पुण्याच्याच जाळ्याचे घटक व्हावेत. हें कसें साधतें आणि त्यांत काय सांभाळावें, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

कचेरींतील संगणक बहुधा ‘ईथरनेट’ पद्धतीनें जोडलेले असतात. ही पद्धति रॉबर्ट मेटकाफ यांनीं १९७३ सालीं अमेरिकेंत झेरॉक्सच्या संशोधनशाळेंत मांडली. अशा जाळ्याच्या एका विभागास वाड्याची उपमा शोभेल. चौकांत उभें राहून कोणी नांव पुकारलें, कीं तें सर्व बिऱ्हाडांस ऐकूं जातें आणि ज्याचें नांव असेल तो ओ देतो. संगणकहि एकमेकांस असेच पुकारून शोधतात. परंतु ही हांक दिंडीदरवाजाबाहेर जात नाहीं. तेथें बसलेला राउटर ती अडवितो. मग ती कोरेगांवास पोंचावी कशी?

स्वतःची तार टाकणें हा एक मार्ग. जुन्नर तालुक्यांतील खोडद येथील रेडिओ-दुर्बिणीच्या ३० तबकड्या सुमारें २५ किलोमीटरांच्या विस्तारांत पसरल्या आहेत. त्यांचे संदेश प्रकाशतंतूंवरून मध्यवर्ती इमारतींत येतात. सामान्य कारखानदारास हा खर्च झेपत नाहीं. तो इंटरनेटचा सार्वजनिक रस्ताच वापरतो. पुण्याचा राउटर आंतील संदेश जसाच्या तसा दुसऱ्या लखोट्यांत घालतो व वर कोरेगांवच्या राउटरचा पत्ता लिहितो. वाटेवरील यंत्रें बाहेरचाच पत्ता वाचतात. कोरेगांवीं लखोटा फोडला, कीं आंतील हांक तेथील संगणकांस शेजारच्या बिऱ्हाडांतून आल्यासारखी ऐकूं येते. यासच ‘टनेल’, म्हणजे बोगदा, म्हणतात. २०१४ सालीं प्रसिद्ध झालेली ‘व्हीएक्सलॅन’ ही अशीच एक योजना आहे.

येथें तीन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. पहिली मापाची. ईथरनेटचा संदेश सामान्यतः १५०० बाइटांपर्यंत असतो. व्हीएक्सलॅनचा लखोटा त्यांत ५० बाइटांची भर घालतो. रस्त्याची मर्यादा १५०० च असेल, तर लहान संदेश सुखरूप जातात आणि मोठे वाटेंतच अडकतात. म्हणून आंतील माप १४५० वर आणावें. दुसरी गोष्ट गुप्ततेची. लखोटा म्हणजे कुलूप नव्हे. या योजनेंत मजकूर सांकेतिक होत नाहीं. त्यासाठीं ‘आयपीसेक’सारखी निराळी व्यवस्था जोडावी लागते.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. दरवाजा नाहींसा झाला म्हणजे सोयीबरोबर संकटहि आंत येतें. पुण्यांत हांकांचें वादळ उठलें तर कोरेगांवहि गुदमरतें. पुण्याच्या एका संगणकास रोग जडला तर तो यंत्रांपर्यंत बिनधोक जातो, आणि यंत्रांपाशीं माणसें उभीं असतात. जून २०१७ मध्यें युक्रेनमध्यें उद्‌भवलेला ‘नॉटपेट्या’ हा रोग मर्स्क कंपनीच्या जाळ्यांत शिरला. त्याची झळ उरणनजीकच्या जवाहरलाल नेहरू बंदरांतील तिच्या समूहाच्या धक्क्यास लागली, आणि तेथील मालाची चढउतार खोळंबली. उगम कोठें आणि भोग कोठें!

यास्तव जीं यंत्रें एकाच चौकावांचून चालतच नाहींत, तेवढ्यांपुरताच असा बोगदा असावा. इतरांसाठीं कोरेगांवास स्वतंत्र वाडा ठेवावा, मधल्या वाटेवर सांकेतिक बोगदा घालावा, आणि दोन्ही दरवाजांवर कोणास आंत सोडावयाचें व कोणास नाहीं याचे नियम लिहून ठेवावेत. पुण्याचें व कोरेगांवचें अंतर तोडणें आज सोपें झालें आहे; तोडूं नये तो दरवाजा. आपल्या कारखान्यांत वा कचेरींत अशी जोडणी होत असेल, तर ‘आंत काय काय येऊं शकेल?’ हा प्रश्न करणाऱ्यास अवश्य विचारावा.