रविवार कोणाचा?

(महोत्सवानिमित्त उरण येथे भरलेल्या धर्मग्रामस्थांच्या सभेत केलेले भाषण)



महोत्सवाच्या ह्या आनंदाच्या प्रसंगी, सुटीचा दिवस आपल्या कुटुंबात व इष्टमित्रांत कसा घालवावा ह्या विषयावर आम्ही चार शब्द बोलावे, अशी आज्ञा झाली आहे. विषय दिसावयास सोपा आहे. सुटी कशी घालवावी हे का कोणी कोणास शिकवावयाचे असते, असेही कित्येकांच्या मनात आले असेल. परंतु विचार करू लागताच आम्हांस असे दिसून आले की, सुटी कशी घालवावी हा दुसरा प्रश्न होय. ती सुटी घरात कोणाकोणाच्या वाट्यास येते, हा पहिला. तेव्हा आज आम्ही त्या पहिल्या प्रश्नासच हात घालतो.

रविवारची सुटी ही सूर्योदयासारखी आपोआप येणारी गोष्ट आहे, अशी आपली समजूत होऊन बसली आहे. वस्तुस्थिती तशी नाही. आपल्या मोरा बंदरावरून समोर जी मुंबई दिसते, तेथील कापडाच्या गिरण्यांत एके काळी मजुरांस आठवड्याची ठरलेली सुटी नव्हती. उजाडल्यापासून मावळेपर्यंत यंत्रापुढे उभे राहावयाचे, असा क्रम होता. ह्या लोकांची बाजू ज्यांनी उचलली ते नारायण मेघाजी लोखंडे हे महात्मा जोतीराव फुले यांचे सहकारी व 'दीनबंधु' पत्राचे संपादक होते. सन १८८४ च्या सप्टेंबर महिन्यात त्यांनी परळ भागात मजुरांच्या सभा भरविल्या, आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सरकारने नेमलेल्या कमिशनपुढे ठेवला. दर रविवारी सुटी मिळावी, दुपारी अर्धा तास विसावा मिळावा, पगार वेळेवर व्हावा, ही त्यातील मागणी होती. पुढे सहा वर्षे खटपट चालली. सन १८९० च्या एप्रिलच्या २४ तारखेस मुंबईत सुमारे दहा हजार मजुरांची सभा भरली, आणि त्याच वर्षी १० जून रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली.

ह्या हकीकतीतील दोन गोष्टी आपण ध्यानात ठेवाव्या, अशी आमची विनंती आहे. पहिली अशी की, रविवार मागणारे ते मजूर बहुतेक सारे हिंदू होते. रविवार हा खंडोबाचाही वार आहे. तेव्हा ख्रिस्ती मनुष्यास जो दिवस उपासनेचा, तोच त्यांसही परका नव्हता. आज आपण ज्या सुटीच्या दिवशी निवांतपणे पवित्र मिस्सेस येतो, ती सुटी आपणांस मिळवून देण्यात आपल्या ह्या शेजाऱ्यांचे ऋण आहे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. त्या एप्रिलच्या सभेत दोन मजूर स्त्रियाही उभ्या राहून बोलल्या. ज्या काळी स्त्रीने चारचौघांत तोंड उघडणे हेच नवल मानीत, त्या काळी दहा हजार लोकांपुढे ह्या भगिनींनी विश्रांतीची मागणी केली. म्हणजे आपला रविवार मागावयास स्त्रिया पहिल्यापासून हजर होत्या. तो मिळाल्यावर त्यांच्या पदरात किती पडला, हे आता पाहू.

आपल्या गावातील एखादे सामान्य घर डोळ्यांपुढे आणा. रविवार आहे. पहिल्या मिस्सेस जावयाचे म्हणून घरची बाई इतर दिवसांहून लवकर उठते. मुलांस न्हाऊ घालणे, कपड्यांस इस्त्री करणे, सर्वांस चहापाणी देणे, इतके उरकून ती देवालयात पोहोचते. आणि मिस्सा संपताच तिचे पाय भराभर घराकडे वळतात, कारण आज सर्व मंडळी घरी आहेत, म्हणून जेवणही विशेष व्हावयास पाहिजे. पुरुषमंडळी आवारात दोन घटका बोलत उभी राहतात. कोणी मासळीबाजाराकडे वळतो, उत्तम मासळी आणितो आणि ओट्यावर ठेवून आपले कर्तव्य संपले असे मानितो. मासळी साफ करावयाची कोणी, मसाला वाटावयाचा कोणी, हे विचारावे लागत नाही. दुपारी जेवण फार चांगले होते. पुरुष वामकुक्षी करितात, मुले मोबाईल घेऊन कोपऱ्यात बसतात. आणि इतर दिवसांपेक्षा दुप्पट भांड्यांचा ढीग त्या एका बाईची वाट पाहत मोरीत पडलेला असतो. सायंकाळी पाहुणे येतात. आनंदाचीच गोष्ट! पण पुन्हा आधण ठेवावयाचे तिनेच. जी सोमवार ते शनिवार कचेरीत, शाळेत किंवा रुग्णालयात नोकरी करिते, तिचा रविवार तर शनिवारपेक्षाही जड जातो.

हे आम्ही वाढवून सांगतो, असे कोणास वाटेल. म्हणून सरकारी आकडेच देतो. सन २०१९ मध्ये केंद्र सरकारने, लोक आपल्या दिवसाचा वेळ कशात घालवितात, ह्याची देशभर पाहणी केली. घरातले बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रिया शंभरांत ८१ निघाल्या, आणि पुरुष शंभरांत अवघे २६. बरे, जे पुरुष असे काम करितात त्यांचा त्यात रोजचा वेळ सरासरी ९७ मिनिटे. स्त्रियांचा २९९ मिनिटे, म्हणजे पाच तासांस एक मिनिट कमी. ह्या पाच तासांस सुटीचा वार नाही. महाराष्ट्र सरकारने सन २०२० च्या २९ फेब्रुवारीपासून आपल्या कचेऱ्यांस शनिवार-रविवार अशी दोन दिवसांची सुटी दिली. परंतु जेथे एक दिवसाची सुटीच स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी अडते, तेथे दोन दिवसांची आत कशी शिरणार?

आता ह्या बाबतीत आपला धर्म काय सांगतो ते पाहावे. विश्रांतीच्या दिवसाची आज्ञा मोशेच्या द्वारे मिळाली, तेव्हा ती घरधन्यास एकट्यास मिळाली नाही. त्याचा मुलगा, त्याची मुलगी, त्याचा दास, त्याची दासी, त्याची गुरेढोरे, आणि त्याच्या वेशीत राहणारा परका मनुष्य, ह्या सर्वांची नावे घेऊन ती दिलेली आहे. बैलाससुद्धा त्यात जागा आहे! कारणही सांगितले आहे: मिसर देशात तुम्ही स्वतः दास होता, तेव्हा विसाव्यावाचून राबणे म्हणजे काय, हे तुम्हांस ठाऊक आहे. ज्यास आपल्या श्रमाची आठवण आहे, त्यास दुसऱ्याचे श्रम दिसले पाहिजेत, हे त्या आज्ञेचे मर्म होय. त्या यादीत पत्नीचे नाव निराळे घेतलेले नाही, हे खरे. पण दासीला आणि बैलाला विसावा देऊन घरधनिणीला तेवढी कामास जुंपावी, असा त्याचा अर्थ कोणी करील असे आम्हांस वाटत नाही. मुंबईच्या मजुरांस रविवार मिळाल्यानंतर वर्षाच्या आतच, १५ मे १८९१ रोजी, पोप तेरावे लिओ यांनी कामगारांच्या प्रश्नावर आपले 'रेरुम नोव्हारुम' हे प्रसिद्ध पत्र जगास दिले. त्यातही त्यांनी रविवारच्या विसाव्याचा कैवार घेतला, आणि विसावा म्हणजे आळस किंवा चैन नव्हे, असा इशारा दिला. हा इशारा आजही जुना झालेला नाही. आठवड्याची कमाई रविवारच्या बाटलीत बुडवून घरात भांडण आणणाऱ्याने विसावा घेतला नाही. त्याने घरच्यांचा विसावा हिरावून घेतला.

मार्था आणि मरिया ह्या बहिणींची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. प्रभू घरी आला असता मरिया त्याच्या पायांशी ऐकत बसली, आणि मार्था पाहुणचाराच्या कामात गढून गेली. प्रवचनातून आपण मरियेचे गुण गातो, आणि घरी जाऊन मार्थेने लवकर पान वाढावे म्हणून हाका मारितो. मार्थेस बसावयास सांगावयाचे असेल, तर तिच्या हातातील काम कोणीतरी उठून घेतले पाहिजे. नुसत्या सांगण्याने भात शिजत नाही.

येथवर घराची गोष्ट झाली. आता गावाची पाहू. आपले उरण हे भातशेतीचे, मिठागरांचे व मासेमारीचे गाव. समुद्रावर जाणाऱ्याने कधी वार पाहिला नाही. त्याने भरती-ओहोटी पाहिली. सन १९८९ मध्ये शेजारी न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले, आणि पाळीचे काम आपल्या घरोघर आले. जहाजास रविवार कळत नाही. ह्या तालुक्यातील अनेक बंधू रविवारी क्रेनवर, कंटेनरच्या गाडीवर, तेल-वायूच्या प्रकल्पात किंवा पहाऱ्यावर असतात. परिचारिका असलेल्या भगिनी रुग्णांच्या उशाशी असतात. हे लोक सुटी मोडतात असे कोणी म्हणू नये. सन ३२१ मध्ये रोमन सम्राट कॉन्स्टंटाइन याने रविवारी नगरातील कामे बंद ठेवण्याचा हुकूम काढला, तेव्हा शेतकऱ्यांस त्यातून मोकळे ठेविले होते. पेरणीचा योग्य दिवस हातचा जाऊ नये हे त्यासही समजत होते. प्रश्न एवढाच की, ज्याचा रविवार आपल्या उपयोगी पडला, त्याचा विसावा कोणत्या दिवशी? ह्याचे उत्तर आपल्याच तालुक्यात, घारापुरी बेटावर आहे. रविवारी तेथे लेणी पाहावयास मुंबईहून लोकांची रीघ लागते. बेटावरील रहिवाशांस तो कामाच्या गर्दीचा दिवस. मग सोमवारी लेणी बंद असतात. रविवार दुसऱ्यांस दिला, म्हणून सोमवार आपला, इतका तो साधा हिशेब आहे. हाच हिशेब आपण घरात का मांडू नये?

तेव्हा आमच्या सूचना थोड्या आणि सोप्या आहेत. ज्या घरात पाळीचे काम आहे, त्या घराने महिन्याच्या आरंभी पाळ्यांचा कागद समोर ठेवून, सर्वजण एकत्र असतील अशी आठवड्यातील एक वेळ हुडकून काढावी. ती मंगळवारची सायंकाळ असेल, नाहीतर गुरुवारची सकाळ असेल. त्या वेळेस घरचा रविवार मानावा. त्या वेळी बाहेरचे बोलावणे घेऊ नये, आणि मोबाईल एका परडीत घालून कपाटावर ठेवावे. मिस्सेचे कर्तव्य आपल्या जागी आहेच. आम्ही बोलतो ते कुटुंबाच्या सहवासाविषयी.

दुसरी सूचना पुरुषांस व मुलग्यांस. रविवारचे जेवण एकतर साधे असावे, नाहीतर सर्वांनी मिळून केलेले असावे. मासळी आणणाऱ्यानेच ती साफ करावी. जेवणानंतरची भांडी स्त्रियांनी घासावयाची नाहीत, असा दंडक प्रत्येक घराने घालून घ्यावा. मुलग्यांस हे लहानपणी शिकविले, तर उद्या त्यांच्या घरी येणारी सून आपणांस दुवा देईल.

तिसरी सूचना फिरावयास जाण्याविषयी. देवाने आपणांस पीरवाडीचा किनारा दिला आहे, द्रोणागिरीचा डोंगर दिला आहे, करंज्याहून पलीकडे रेवसला नेणारी होडी दिली आहे. ह्या ठिकाणी मित्रांचे कंपू जातात. घरची मंडळी मात्र घरीच राहते. महिन्यातून एकदा तरी आईस, पत्नीस, म्हाताऱ्या आजीस बरोबर न्यावे. डब्यात भाकरी आणि सुकटीची चटणी असली तरी किनाऱ्यावर ती गोड लागते. फार मोठा बेत केला की त्याची तयारी पुन्हा तिच्याच माथी येते, हे विसरू नये.

चौथी सूचना मित्र व शेजारी यांजविषयी. पूर्वी मुंबईहून उरणास यावयाचे म्हणजे बहुधा भाऊच्या धक्क्यावरून लाँच, आणि ओहोटी असली की मोऱ्याच्या गाळापुढे सर्वांनीच हात टेकावयाचे. आता १२ जानेवारी २०२४ पासून लोकल गाडी उरणपर्यंत आली आहे, आणि त्याच दिवशी शिवडी-न्हावाशेवा पुलाचेही उद्घाटन झाले. वाट जवळ झाली; माणसे जवळ आली किंवा नाही, हे ज्याने त्याने आपल्या मनास विचारावे. ज्यांची मुले मुंबईत किंवा आखातात आहेत, अशी वृद्ध जोडपी आपल्या आळीत आहेत. रविवारच्या दुपारी दाराची कडी वाजेल म्हणून ती कान देऊन बसलेली असतात. त्यांच्याकडे अर्धा तास जाऊन बसावे. त्यांनी चहा करावयास उठू नये, म्हणून चहा आपणच करावा.

लोखंडे सन १८९७ मध्ये प्लेगाच्या साथीत वारले. त्यांनी व त्यांच्या मजुरांनी जे मिळविले, ते गिरणीच्या दरवाजापर्यंत आणून ठेविले. तेथून ते घराच्या चुलीपर्यंत नेण्याचे काम कोणा मालकाच्या हाती नाही आणि कोणा कायद्याच्याही हाती नाही. ते आपल्या हाती आहे, आणि म्हणूनच त्यात टाळाटाळ करावयास आपणांस काही निमित्त उरत नाही.

श्रोतेजनहो, आता थोड्याच वेळाने आपण महोत्सवाच्या भोजनास बसणार आहो. ते अन्न शिजविण्यासाठी आपल्या धर्मग्रामातील भगिनी पहाटेपासून मागे राबत आहेत, आणि त्यांतील कित्येकींस हे भाषण ऐकावयाससुद्धा येता आलेले नाही. तेव्हा आमची शेवटची विनंती अशी की, आज पहिली पंगत त्या भगिनींची बसावी, वाढावयाचे काम पुरुषांनी करावे, आणि पातेली-परातींची घासपूसही आपणच उरकावी. अस्तन्या वर करून आम्ही येतोच, आपणही यावे. इतके बोलून आम्ही आपली रजा घेतो.